चिपच्या खिडकीमागचा खेळ



तुमच्यापैकी पुष्कळांनी विजयदुर्ग पाहिला असेल. वाघोटण खाडी जेथे समुद्राला मिळते, तेथे हा किल्ला तीन बाजूंनी पाण्यात उभा आहे. किल्ला पाहून लोक परततात. पण खाडीतून थोडे आत गेले, तर गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली एक गोदी लागते. तिचा काही भाग खडक कोरून, तर काही भाग बांधून काढलेला आहे. लांबी शंभर मीटरहून अधिक. मराठी आरमाराची गुराबे आणि गलबते येथे दुरुस्तीला येत.

आता एक कल्पना करा. त्या गोदीत एखादे जहाज बांधून जवळजवळ पुरे झाले, पण काही कारणाने ते पाण्यात सोडलेच नाही. ते लढाईत गेले नाही, म्हणून त्याचे नाव कोणत्याही कागदात नाही. तरीही जहाजे कशी बांधत असत हे ज्याला शिकायचे आहे, त्याला ते अर्धवट जहाजच जास्त उपयोगी पडेल. पुरे झालेल्या जहाजावर रंग चढतो आणि सुताराच्या खुणा झाकल्या जातात. अर्धवट जहाजावर त्या दिसतात.

व्हिडिओ गेमच्या दुनियेतही अशी गोदीत राहिलेली जहाजे आहेत. एखादी कंपनी खेळ तयार करी, त्याच्या चारदोन कॅसेटी तपासणीसाठी बनवी, आणि मग तो खेळ बाजारात आणण्याचा विचारच सोडून देई. त्या चारदोन कॅसेटी म्हणजे त्या खेळाची ‘नमुना प्रत’. अशी नमुना प्रत तीस-चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी माळ्यावर सापडते. अशा वेळी काय करावे? आणि त्याहून महत्त्वाचे, काय करू नये? हे समजण्यासाठी आधी कॅसेटच्या पोटात काय असते ते पाहू.

कॅसेटमध्ये फीत नसते

घरच्या दूरदर्शन संचाला जोडायचे व्हिडिओ गेमचे पहिले यंत्र, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिकेत १९७२ मध्ये विक्रीला आले. त्यात स्मृती म्हणून काही नव्हतेच. खेळ यंत्राच्या जोडणीतच होते. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीचे ‘चॅनेल एफ’ हे यंत्र आले. जेरी लॉसन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले होते. त्यात प्रत्येक खेळ वेगळ्या डबीतील चिपवर साठवलेला असे. डबी बदलली की खेळ बदलला. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीचे यंत्र आले, आणि १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात घरोघर जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. त्या डबीला आपण ‘कॅसेट’ म्हणू लागलो. गाण्याच्या कॅसेटसारखी फीत मात्र तिच्यात मुळीच नसते. असते ती एक पट्टी आणि तिच्यावर बसवलेल्या चिपा.

पोस्टात टपाल वेगळे करण्यासाठी लहान लहान खणांचे कपाट असते, ते आठवा. चिप म्हणजे असे एक कपाट. प्रत्येक खणाला एक क्रमांक, आणि प्रत्येक खणात आठ चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त ० किंवा १. एका चिठ्ठीला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिटांच्या एका खणाला ‘बाइट’. कोणता खण उघडायचा हे यंत्र तारांतून सांगते. प्रत्येक तारेत वीज असते किंवा नसते, म्हणजे दोन शक्यता. बारा तारा असतील तर २ चा बारावा घात, म्हणजे ४०९६ खण. अटारीच्या सुरुवातीच्या खेळांना जास्तीत जास्त एवढीच जागा मिळे. तुम्ही वाचत आहात तो लेखसुद्धा ४०९६ बाइटांत मावणार नाही!

छापील पुस्तक आणि पाटी

बाजारात विकल्या जाणाऱ्या कॅसेटमधील ० आणि १ हे चिप बनवतानाच तिच्या रचनेत घडवलेले असतात. ते छापील पुस्तकासारखे. पुसता येत नाहीत, बदलता येत नाहीत, आणि हजारो प्रती एकसारख्या निघतात. पण अशी छपाई महाग पडते आणि तिला वेळ लागतो. खेळ अजून तयार होत असताना रोज चुका सापडतात, रोज दुरुस्त्या होतात. अशा वेळी पुस्तक छापून कसे चालेल? तेथे पाटी हवी. लिहा, वाचा, पुसा, पुन्हा लिहा.

अशी ‘पाटी’ १९७१ मध्ये इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमन या शास्त्रज्ञाने शोधून काढली. तिचे नाव ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती. ही चिप ओळखणे सोपे आहे. तिच्या पाठीवर मधोमध एक लहान पारदर्शक खिडकी असते आणि खिडकीतून आतला चकचकीत सिलिकॉनचा तुकडा दिसतो. नमुना कॅसेटीत बहुधा याच चिपा असत.

येथेच सगळी अडचण आहे. विकला गेलेला खेळ हजारो छापील प्रतींत टिकून आहे. न विकलेला खेळ मात्र एकदोन पाट्यांवर लिहिलेला आहे, आणि पाटीवरचे अक्षर पुसले जाते.

कोंडलेले इलेक्ट्रॉन

ईप्रॉममध्ये प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म कप्पा असतो. हा कप्पा सिलिकॉनचा असून त्याच्या चारी बाजूंना सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असतो. हा थर विजेचा उत्तम रोधक आहे. लिहिताना चिपला नेहमीच्या ५ व्होल्टऐवजी सुमारे १२ ते २५ व्होल्ट दाब देतात. त्या जोराने काही इलेक्ट्रॉन थर ओलांडून कप्प्यात जातात. दाब काढला की ते आत कोंडले जातात. बाहेर पडायला त्यांच्याकडे पुरेशी ऊर्जा नसते.

कप्प्यात इलेक्ट्रॉन असतील तर तो बिट ० वाचला जातो. कप्पा रिकामा असेल तर १. कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळीकडे १ च असतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्या आधारे आपल्याला गुप्तहेराचे काम करायचे आहे. चिप जुनी होते तेव्हा कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. म्हणजे ० चा १ होतो. आपोआप १ चा ० होणे मात्र संभवत नाही, कारण इलेक्ट्रॉन आत घालायला जोर लागतो.

खिडकी कशासाठी?

पाटी पुसायची असेल तर खिडकीतून अतिनील प्रकाश सोडतात. त्यासाठीच्या दिव्याची तरंगलांबी सुमारे २५४ नॅनोमीटर असते. प्रकाश लहान लहान पुडक्यांनी येतो हे तुम्ही वाचले असेल. एका पुडक्याची ऊर्जा काढण्याची सोपी रीत अशी: १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येते.

अतिनील दिवा: १२४० ÷ २५४ = सुमारे ४.९
तांबडा प्रकाश: १२४० ÷ ६५० = सुमारे १.९

कप्प्याभोवतीचे कुंपण ओलांडायला इलेक्ट्रॉनला तीनपेक्षा थोडी जास्त ऊर्जा एका दमात मिळावी लागते. तांबडा दिवा कितीही प्रखर लावला तरी एकेक पुडके १.९ चेच. कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसाला दहा जणांनी दहा वेळा हळूच ढकलले, तरी तो कुंपणापलीकडे जात नाही; एक पुरेशी उंच उडीच लागते. अतिनील प्रकाशाचे एक पुडके ती उडी मारून देते. म्हणून खास दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटांत चिप कोरी होते. साध्या काचेतून २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जात नाही, म्हणून ही खिडकी क्वार्ट्झची करतात.

तरंगलांबी ४०० नॅनोमीटरहून कमी असली की थोडेफार पुसणे सुरू होते. सूर्यप्रकाशात ३०० ते ४०० नॅनोमीटरचा भाग असतो. चिपा बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असे की, उघडी खिडकी थेट उन्हात ठेवली तर सुमारे एका आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. म्हणून अभियंते खिडकीवर कागदी किंवा चंदेरी पट्टी चिकटवीत आणि त्या पट्टीवरच खेळाचे नाव व तारीख लिहीत.

अंधारात ठेवलेली चिपही अमर नसते. उष्णतेने इलेक्ट्रॉनांची हालचाल वाढते आणि क्वचित एखादा थरातून निसटतो. उत्पादक साधारणपणे दहा वर्षांची हमी देत. १९८३ मध्ये लिहिलेल्या चिपला आज चाळीस वर्षे होऊन गेली आहेत. पुष्कळ चिपा अजून बरोबर वाचल्या जातात, हे आपले नशीब. पण हमीची मुदत केव्हाच संपली आहे.

सापडलेले दोन खेळ

अशा शोधांची दोन खरी उदाहरणे पाहा.

१९८९ मध्ये अमेरिकेतील मॅक्सिस कंपनीने ‘सिमसिटी’ हा खेळ काढला. त्यात शत्रूला मारायचे नसते, शहर वसवायचे असते: रस्ते, वीज, घरे, कारखाने. निन्टेन्डोने हा खेळ आपल्या ८ बिटांच्या यंत्रासाठी करायला घेतला आणि १९९१ च्या जानेवारीत एका प्रदर्शनात दाखवलाही. पण पुढच्या पिढीच्या १६ बिटांच्या यंत्रासाठीची आवृत्तीच तेवढी बाजारात आली. ८ बिटांची आवृत्ती नाहीशी झाली. २०१७ मध्ये तिच्या दोन नमुना कॅसेटी अमेरिकेत उजेडात आल्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने त्यांतील मजकुराचा अभ्यास केला आणि २०१८ च्या डिसेंबरअखेर तो सर्वांसाठी खुला झाला. एकच कल्पना लहान यंत्रात बसवताना काय काय काटछाट करावी लागली, हे आता शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. ख्रिस ओबर्थ हा प्रोग्रॅमर १९९० च्या सुमारास माइंडस्केप कंपनीसाठी ‘डेज ऑफ थंडर’ नावाचा मोटार शर्यतीचा खेळ लिहीत होता. कंपनीने शेवटी त्याच नावाचा, पण दुसऱ्यांनी केलेला खेळ बाजारात आणला. ओबर्थ २०१२ मध्ये वारला. त्याच्या जुन्या फ्लॉपी डिस्क त्याच संस्थेकडे आल्या. तेथे तयार खेळ नव्हता, तर त्याच्या मूळ आज्ञावलीचे विखुरलेले भाग होते. रिच व्हाइटहाउस याने ते जुळवून २०२० मध्ये खेळ पुन्हा उभा केला, आणि ओबर्थच्या कुटुंबाच्या संमतीने तो सर्वांना देण्यात आला. माणूस गेला, त्याचे काम कोणी पाहिले नव्हते, आणि ते परत मिळाले. कोणी तरी ती खोकी फेकून दिली नाहीत, एवढ्यावर हे सारे अवलंबून होते.

नेहमीच असे होत नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात लागला. त्याला अलोट गर्दी झाली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. एवढा गाजलेला बोलपट जर हरवू शकतो, तर कोणी न पाहिलेल्या खेळाची काय कथा!

समजा, तुम्हालाच सापडली तर?

समजा, सुट्टीत तुम्ही विजयदुर्गला आजोळी गेलात. तुमचे मामा पूर्वी बोटीवर नोकरीला होते. माळा आवरताना त्यांच्या जुन्या पेटीत एक कॅसेट मिळते. तिच्यावर छापील चित्र नाही, हाताने लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी आहे. मामा म्हणतात, “अरे, फुंकर मार आणि लावून बघ!”

थांबा! फुंकर मारू नका. तोंडाच्या वाफेत ओलावा असतो. तो कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि त्या गंजतात. निन्टेन्डोनेसुद्धा फुंकू नका असा इशारा दिला होता. त्यातून हा कोकणकिनारा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारा महिने खारा वारा. देवघरातील पितळी समईवर हिरवट थर चढतो तो तुम्ही पाहिला आहे. चिपच्या पायांचीही तीच गत होते. समई आपण चिंचेने घासतो, कॅसेट मात्र चिंचेने घासू नये!

मग काय करावे? क्रमाने पाहू.

१. कॅसेट यंत्राला लावू नका. जुन्या यंत्राचा वीजपुरवठा बिघडलेला असू शकतो आणि गंजामुळे दोन पाय एकमेकांना चिकटलेले असू शकतात. चुकीचा दाब एक क्षण मिळाला तरी चिप निकामी होते.

२. आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. ती कोठे, कोणाच्या पेटीत, कशाबरोबर सापडली, हे वहीत लिहा. मामांना विचारून ती कोणत्या बंदरात, कोणाकडून मिळाली तेही टिपून ठेवा. कॅसेट बोलत नाही. मामा बोलू शकतात, तोवर विचारून घ्या.

३. चिठ्ठी किंवा पट्टी सोलू नका. तिच्याखाली खिडकी असू शकते. पट्टी आधीच सुटली असेल, तर खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा.

४. कॅसेट कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला. उन्हात वाळवू नका.

५. इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार गाठा. ईप्रॉम वाचण्याचे साधन त्याच्याकडे असते. चिप त्यात बसवून तिच्यातील सर्व बाइट संगणकावर उतरवून घेता येतात. एकदा वाचून थांबू नका. तीन-चार वेळा वाचा. प्रत्येक वेळी उत्तर सारखे आले तर उत्तम. वेगळे आले, तर काही कप्पे अर्धवट रिकामे झाले आहेत असे समजा. अशा वेळी चिपला दिलेला दाब किंचित कमी केला, तर पुसट झालेला ० पुष्कळदा ० म्हणूनच वाचला जातो.

पुसलेला बिट पकडू या

वाचलेले बरोबर आहे हे ठरवायचे कसे? येथे एक साधी युक्ती कामी येते. अभियंते चिपमधील सर्व बाइटांची बेरीज करीत. बेरीज २५६ च्या पुढे गेली की २५६ वजा करीत राहत आणि उरलेला आकडा पुष्कळदा चिठ्ठीवर लिहून ठेवीत. याला ‘ताळा’ म्हणू. आपण हिशेबाचा ताळा पाहतो, तसाच हा.

समजा, एका चिपमध्ये चारच बाइट आहेत आणि चिठ्ठीवर ताळा ४२ लिहिला आहे. आपण वाचलेले बाइट असे:

१८ = ०००१००१०
९० = ०१०११०१०
२०१ = ११००१००१
५ = ०००००१०१

बेरीज ३१४. त्यातून २५६ वजा केले तर ५८. चिठ्ठीवर ४२ आहे. म्हणजे १६ जास्त आले. काही तरी पुसले गेले आहे, एवढे नक्की. समजा, एकच बिट बिघडला आहे. द्विमान पद्धतीत १६ ची जागा उजवीकडून पाचवी. बिघाड नेहमी ० चा १ असाच होतो, म्हणून गुन्हेगार बाइटाच्या पाचव्या जागी आता १ असला पाहिजे. वरची यादी पाहा. २०१ आणि ५ यांच्या त्या जागी ० आहे, ते निर्दोष सुटले. उरले संशयित दोन: १८ आणि ९०. आता त्या दोन खणांकडे लक्ष ठेवून चिप पुन्हा वाचायची, किंवा दुसरी नमुना प्रत असेल तर तिच्याशी ताडून पाहायचे. समजा, दुसऱ्या वाचनात ९० ऐवजी ७४ आले. ७४ म्हणजे ०१००१०१०. बेरीज झाली २९८, ताळा ४२. जमले!

पाहा, एक लहानसा भौतिक नियम हाती होता, म्हणून चार संशयितांचे दोन झाले. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारेही असेच करतात. एकाच पोथीच्या चार नकला समोर ठेवतात, आणि लेखकू कोठे कशी चूक करतो हे ठाऊक असल्यामुळे मूळ पाठ कोणता असावा ते ठरवतात.

खरी की खोटी?

अशा कॅसेटींना हौशी संग्राहक पुष्कळ पैसे देतात, म्हणून बनावट कॅसेटीही निघतात. तपासणीचा एक मार्ग चिपवरच छापलेला असतो. बहुतेक चिपांवर चार आकडे असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८३४२ म्हणजे १९८३ चा ४२ वा आठवडा. जी चिप अजून जन्मालाच आली नव्हती, तिच्यावर कोणी खेळ लिहू शकत नाही. अर्थात चिप जुनी निघाली म्हणून मजकूर जुनाच असे नाही. पाटी पुसून पुन्हा लिहिता येते, हे विसरू नका.

ती कोणाची?

कॅसेट मामांची आहे. पण तिच्यातील खेळ? आपल्या कायद्यात संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. पुस्तक विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे. म्हणून प्रती काढून विकणे गैर. ती सर्वांना द्यायची, तर हक्क कोणाकडे आहे ते शोधून परवानगी मागावी. ओबर्थच्या बाबतीत त्याच्या कुटुंबाला विचारले गेले, ते आठवा.

दुसऱ्या बाजूचाही विचार करा. काही संग्राहक कॅसेट कपाटात कुलूपबंद ठेवतात. एकमेव प्रत आपल्याकडेच राहिली तर तिची किंमत टिकते, असा त्यांचा हिशेब. पण कप्प्यातले इलेक्ट्रॉन कुलूप जुमानत नाहीत. एक दिवस असा येतो की कपाटात कॅसेट असते, चिठ्ठी असते, आणि आत सगळे १ च १ असतात. जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. जपणे म्हणजे वेळेवर बरोबर प्रत काढणे आणि ती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे.

तुम्हाला कदाचित अशी कॅसेट कधीच सापडणार नाही. पण घरात शोधा. दशावतारी नाटकाचे कोणी केलेले ध्वनिमुद्रण, आजीच्या ओव्यांची फीत, काकांनी शाळेच्या संगणकावर लिहिलेल्या प्रोग्रॅमची फ्लॉपी, या साऱ्यांची जगात एकच प्रत असेल. फितीला पावसाळ्यात बुरशी येते. आगोटीला आपण लाकूडफाटा आणि धान्य कोरडे करून ठेवतो ना? यंदाच्या बेगमीत या वस्तूही धरा. मोठ्यांना विचारा, त्यांवर काय आहे ते लिहून काढा आणि पाऊस लागण्यापूर्वी प्रत करून घ्या.

करून पाहा

एकाच रंगीत घोटीव कागदाचे तीन तुकडे घ्या. प्रत्येकावर मधोमध एक नाणे ठेवा. एक तुकडा उघड्या उन्हात, दुसरा काचेच्या बंद खिडकीआड उन्हात आणि तिसरा कपाटात ठेवा. दहा दिवसांनी नाणी उचला. कोठे नाण्याचा ठसा सर्वांत ठळक दिसतो? नाणे कोणत्या वस्तूचे काम करत होते?

विचार करा

१. एका चिपच्या चिठ्ठीवर ताळा ८५ आहे. वाचलेले बाइट: १२, २००, ३५, ९६. एकच बिट बिघडला आहे असे धरून मूळ बाइट शोधा.

२. एका नमुना कॅसेटवर ‘ऑगस्ट १९८३’ अशी चिठ्ठी आहे. आतील तीन चिपांवर ८३१२, ८३२० आणि ८४५१ असे आकडे आहेत. तुम्ही काय म्हणाल?

३. तेरा तारांनी किती खण निवडता येतील?

शिक्षकांसाठी: ताळ्याचा खेळ वर्गात छान रंगतो. एका गटाने चार संख्या व ताळा फळ्यावर लिहावा, दुसऱ्या गटाने गुपचूप एका ० चा १ करावा आणि तिसऱ्या गटाने तो शोधावा. दोन बिट बदलले तर काय होते, हा प्रश्न मुलांनाच सुचू द्यावा.

उत्तरे: (१) बेरीज ३४३, ताळा ८७, म्हणजे २ जास्त. उजवीकडून दुसऱ्या जागी १ असलेला बाइट ३५ हा एकच आहे. मूळ बाइट ३३. (२) तिसरी चिप १९८४ च्या अखेरची आहे. म्हणून चिठ्ठीवरची तारीख निदान त्या चिपला लागू नाही. चिप नंतर बदलली असेल, प्रत नंतर काढली असेल किंवा कॅसेट बनावट असेल. आणखी पुराव्याशिवाय निर्णय देऊ नये. (३) ८१९२.